डेल्फीची सुरी आणि एकच लेन्स

आज आपण एका वस्तूचा इतिहास बघणार आहोत. वस्तू साधीच आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात ती असेल: कॅमेऱ्याची झूम लेन्स. त्यातही ती जात, जिला दुकानदार ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. समोरचा अख्खा डोंगर तिच्यात मावतो, आणि त्याच डोंगरावरच्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षीही तिच्यातच जवळ येतो. मध्ये लेन्स काढा, दुसरी लावा, ही भानगड नाही.

या लेन्सबद्दल दोन ठाम मतं आहेत. एक पक्ष म्हणतो, प्रवासाला निघालात तर हीच घ्या, दुसरं काही लागत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, एक ना धड, भाराभर चिंध्या. जी सगळं करते ती काहीच नीट करत नाही. हा वाद कॅमेऱ्याच्या दुकानातला वाटतो, पण त्याची मुळं तेवीसशे वर्षांपेक्षा जुनी आहेत. म्हणून सुरुवात दुकानात न करता ग्रीसमध्ये करू.

ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एका सुरीचा उल्लेख येतो. तिला डेल्फीची सुरी म्हणत. लोहार ती अनेक कामांसाठी एकच अशी घडवत, म्हणजे खर्चात काटकसर. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की निसर्ग असा चिक्कू नाही. तो एका कामासाठी एकच साधन घडवतो, कारण साधन एकाच कामाला वाहिलेलं असेल तेव्हाच ते उत्तम होतं. त्यांनी हे म्हटलं ते स्त्री आणि गुलाम यांच्यातला भेद सांगताना. तो संदर्भ आपल्याला मान्य होण्यासारखा नाही. पण तत्त्व बाजूला काढून तपासता येतं: एक साधन, एक काम.

आता आपल्या स्वयंपाकघरात बघा. अडकित्ता ॲरिस्टॉटलच्या बाजूचा. सुपारी सोडून तो दुसरं फारसं काही कातरत नाही. पण विळी? तिच्या पात्यावर भाजी चिरायची आणि टोकाच्या खवणीवर नारळ खवायचा. पिढ्यान् पिढ्या कोणाची तक्रार नाही. म्हणजे प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. लेन्सच्या इतिहासात तो कसा गुंतत गेला, ते आता पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. लेन्सवर ५०, २००, असे मिलिमीटरचे आकडे असतात. ते म्हणजे फोकल लेन्थ, आपल्या पाठ्यपुस्तकातलं नाभीय अंतर. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दृश्य अरुंद आणि वस्तू मोठी. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७५ अंश बघते, २०० मिमीची जेमतेम १२ अंश. साध्या लेन्सला हा आकडा एकच असतो. झूम लेन्समध्ये तो फिरवता येतो. इतकंच. पण हे ‘इतकंच’ साधायला माणसाला शंभरहून जास्त वर्षं लागली.

१८३९ साली दागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि छायाचित्रणाचं युग सुरू झालं. पहिल्या लेन्स इतक्या मंद होत्या, की माणसाला मिनिटन् मिनिटं हलू न देता बसवावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी माणसांची चित्रं काढण्यासाठी खास लेन्स गणित करून तयार केली. आधी गणित, मग काच, ही पद्धत इथून रुजली. आकडेमोड एवढी अफाट होती, की ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक लुडविगने तोफखान्यातले आकडेमोडीत तरबेज जवान त्यांच्या मदतीला दिले. तोफगोळा कुठे पडेल हे मोजणारी माणसं, प्रकाशाचा किरण कुठे पडेल हे मोजायला बसली. ती लेन्स बनवली फोइग्टलेंडर या कंपनीने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पेट्झवालची लेन्स अगदी ॲरिस्टॉटलच्या मनासारखी होती: एकच काम, पण उत्तम. मधोमध चेहरा सुरेख येई, कडा मात्र ढासळत. निसर्गदृश्याला ती उपयोगी नव्हती, त्याला दुसरी लेन्स. म्हणजे छायाचित्रकाराचं ओझं वाढत गेलं. एकोणिसाव्या शतकातच मग लेन्सच्या पेट्या विकायला आल्या. मखमलीच्या खणांत भिंगांचे तुकडे ठेवलेले. हा पुढे, तो मागे असं जोडलं की वेगवेगळी फोकल लेन्थ मिळे. बघा, एका साधनात अनेक साधनं कोंबायची इच्छा किती जुनी आहे. सिनेमावाल्यांनी दुसरी युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरती चकती बसवली, तिच्यावर तीन-चार लेन्स. हवी ती फिरवून पुढे आणायची. पण चकती फिरत असताना चित्र तुटतंच.

चित्र न तुटता फोकल लेन्थ बदलेल आणि चित्र स्पष्टही राहील, अशा लेन्सचं पेटंट अमेरिकेत १९०२ साली क्लाइल ॲलन यांच्या नावे झालं. आणि १९३२ साली ४० ते १२० मिमीची ‘व्हॅरो’ ही सिनेमाची लेन्स बाजारात आली. ती बनवली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीने, आणि विकली अमेरिकेच्या बेल अँड हॉवेलने. कल्पनेपासून वापरातल्या वस्तूपर्यंत तीस वर्षं गेली. का गेली? इथे आपण थोडं थांबू, कारण खरा इतिहास या ‘का’मध्ये आहे.

पहिली अडचण यंत्राची. चित्र मोठं करायला आतला एक भिंगसमूह सरकवला, की चित्र जिथे उमटायला हवं तिथून तेही सरकतं, धूसर होतं. ते जागेवर आणायला दुसरा समूह हलवावा लागतो. पण दोघांची चाल सारखी नसते. पहिला सरळ गेला तर दुसऱ्याने थोडं पुढे जाऊन मागे यायचं. म्हणून लेन्सच्या नळीत एक वाकडी खाच कोरतात आणि भिंग त्या खाचेतून चालतं. ती खाच अगदी बारीक फरकानेही चुकून चालत नाही.

दुसरी अडचण प्रकाशाची. हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना, दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या लेन्सला सहा-आठ पृष्ठभाग, ते चालून जातं. झूमला वीस, कधी तीस. आता गुणाकार करा. वीस पृष्ठभागांनंतर आत पोचतो सुमारे ४४ टक्के प्रकाश. तिसांनंतर तीसही टक्के उरत नाही. आणि परत फिरलेला प्रकाश मुकाट्याने जात नाही, आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर धुकं पसरतं. उपाय सापडला १९३५ मध्ये. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप देऊन परावर्तन कमी करायची पद्धत काढली. महायुद्धात ते लष्करी गुपित होतं. नंतरच्या बहुपदरी लेपांनी दर पृष्ठभागाचं नुकसान अर्ध्या टक्क्यापर्यंत आणलं, तर तीस पृष्ठभागांनंतरही ८५ टक्क्यांहून जास्त प्रकाश पोचतो. कॅमेऱ्याची लेन्स तिरकी धरली की तिच्यात जांभळट-हिरवट झाक दिसते ना, तो हा लेप. तो नसता तर आजचा आपला विषयच नसता.

तिसरी अडचण आकडेमोडीची. साध्या लेन्सचं गणित एकदा करायचं. झूमचं दर फोकल लेन्थला वेगळं. रुंद टोकाला दोष काढला की लांब टोकाला तो दुसऱ्या रूपात डोकं वर काढतो. तोफखान्यातले जवान आणून हे भागणारं नव्हतं. इथे संगणक आले. जर्मनीच्या लाइट्स कंपनीला, म्हणजे लायकावाल्यांना, १९५३ मध्ये कोनराड त्सुझे यांचा ‘झेड ५’ हा गणनयंत्र मिळाला, तो लेन्सच्या गणितासाठी. जपानमध्ये तर गंमतच आहे. त्या देशाचा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक ‘फुजिक’, १९५६ साली पूर्ण झाला, तो फुजी फोटो फिल्म कंपनीत. ओकाझाकी बुंजी यांनी सुमारे १७०० निर्वात नलिका वापरून तो उभारला. कशासाठी? लेन्सची आकडेमोड करण्यासाठी. म्हणजे काचेच्या तुकड्यांनी एका देशाला पहिला संगणक बांधायला लावला, असंही म्हणता येईल.

हे सगळं जुळून आल्यावर फळ आलं. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि नंतर अमेरिकेत गेलेले फ्रँक बॅक यांनी १९४० च्या दशकात ‘झूमर’ नावाची लेन्स केली. टेलिव्हिजनच्या क्रीडाप्रक्षेपणाला ती वरदान ठरली, कारण मैदानावर चेंडूच्या मागे कॅमेरा पळू शकत नाही. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेमासाठी दहापट झूम दिला, १२ ते १२० मिमी. आणि साध्या, स्थिर छायाचित्राच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ मध्ये आली: ३६ ते ८२ मिमी, १४ भिंगं, रचना फ्रँक बॅक यांची, आणि विकणारी कंपनी फोइग्टलेंडर. तीच, पेट्झवालवाली. एकशे एकोणीस वर्षांनी त्याच नावाखाली एक-काम-एक-साधन सोडून डेल्फीची सुरी बाजारात आली.

पहिल्या झूम लेन्स काही फार चांगल्या नव्हत्या. निकॉनची १९६३ ची ४३-८६ मिमी घ्या. सरळ भिंत काढली तर रुंद टोकाला तिच्या कडा पिंपासारख्या फुगत. जाणकार नाकं मुरडत. पण ती आटोपशीर होती, नेहमीच्या लेन्सच्या जागी कॅमेऱ्यावरच बसून राही, आणि ती प्रचंड खपली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जाणकारांनी नाकारलेली वस्तू लोकांनी स्वीकारली, म्हणजे लोकांना काही कळत नव्हतं असं नाही. लोक वेगळा प्रश्न विचारत होते. जाणकार विचारत होते, ‘चित्र किती निर्दोष?’ लोक विचारत होते, ‘चित्र मिळालं का?’

पुढची उडी ‘ऑल-इन-वन’ची. १९८५ मध्ये जपानच्या किनो कंपनीची किरॉन २८-२१० आली आणि १९९२ मध्ये टॅमरॉनची २८-२००. दुसरी खऱ्या अर्थाने खिशाला आणि खांद्याला परवडणारी ठरली. टॅमरॉन हे नाव पडलं ते तामुरा उह्योए या प्रकाशशास्त्राच्या अभियंत्यावरून. त्या छोट्या लेन्सचं एक रहस्य होतं गोलाकार नसलेलं भिंग. गोलाचा भाग असलेली काच घासायला सोपी, पण तिच्या कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत येत नाहीत. आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत, कारण ही गोष्ट देकार्तला ठाऊक होती! १६३७ मध्ये ‘डिस्कोर्स ऑन मेथड’सोबत त्यांनी प्रकाशशास्त्रावरचा निबंध छापला. त्यात अपास्त वक्राच्या आकाराची भिंगं का हवीत हे मांडलं आणि ती घासायचं यंत्रही रेखाटलं. फेरिये नावाच्या कारागिराला घेऊन प्रयत्नही केले, पण ते साधलं नाही. दुसरे तत्त्वज्ञ स्पिनोझा तर भिंगं घासूनच पोट भरत. १९६६ मध्ये लायकाची नॉक्टिलक्स आली, तेव्हाही असे पृष्ठभाग हाताने चालवायच्या यंत्रावर एकेक करून घासावे लागत, आणि किंमत तशीच असे. पुढे साच्यात घालून भिंगं तयार करायला जमलं आणि देकार्तचं स्वप्न सहलीच्या पिशवीत आलं. पहिला आराखडा आणि स्वस्त वस्तू यांच्यात साडेतीनशे वर्षं!

मग शर्यत लागली. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी १८-२००, १८-२५०, १८-२७०, आणि २०१७ मध्ये टॅमरॉनचीच १८-४००, म्हणजे २२ पट झूम, वजन पाऊण किलोच्या आत.

आता हिशेबाची दुसरी बाजू. काही फुकट मिळत नाही. या १८-४०० चं छिद्र लांब टोकाला एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही. एखादी स्वस्तातली ५० मिमी एफ १.८ लेन्स तिच्या बारापट प्रकाश आत घेते. म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात, संध्याकाळच्या मांडवात ही अष्टपैलू लेन्स चाचपडते. रुंद टोकाला रेषा वाकतात, लांब टोकाला कडा मऊ पडतात. गळ्यात लटकवली की नळी आपोआप खाली घसरते, म्हणून कंपन्यांना कुलूप द्यावं लागलं. मागची पार्श्वभूमी विरघळून चेहरा उठून यावा, ते इथे कमी होतं. ज्यांना हे हवंच आहे त्यांनी ही लेन्स घेऊ नये. अडकित्त्याची जागा विळी घेत नाही.

पण सगळ्यात मोठी किंमत या यादीत नाही. तिच्यासाठी एक उदाहरण घेऊ. तुमच्यापासून २ मीटरवर एक मूल उभं आहे आणि त्याच्या मागे ५० मीटरवर देवळाची दीपमाळ. फोटो काढा. आता १० मीटरवर मागे या आणि झूम पाचपट करा. मूल फोटोत तेवढंच दिसेल. दीपमाळ? ती आधीच्या चौपटीहून मोठी दिसेल, जणू मुलाच्या खांद्यावर येऊन उभी राहिलीय. कारण वस्तूंचं एकमेकांशी नातं ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून, लेन्सवरून नाही. झूम फक्त कातरतो आणि मोठं करतो. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’त, १९५८ सालच्या, जिन्याचा तो गरगरवणारा शॉट आहे ना, तो याच तत्त्वावर: कॅमेरा एकीकडे सरकतो आणि झूम उलटीकडे. पाय आणि डोळा यांची फारकत झाली की भोवळ येते.

म्हणून आम्हाला वाटतं, झूमचा खरा प्रश्न काचेचा नाही, पायांचा आहे. ५० मिमीची एकच लेन्स वापरणाऱ्याला जवळचं चित्र हवं तर चालत जावं लागतं. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक आयुष्य त्या एका लेन्सवर काढलं. आणि चालत गेलं की काय होतं? समोरचा माणूस तुम्हाला बघतो. तो हसेल, मान फिरवेल, ‘नको’ म्हणेल. म्हणजे त्याला एक संधी मिळते. तीस मीटरवरून नळी फिरवून घेतलेल्या चेहऱ्याला ती मिळत नाही. वारीत थकून झाडाखाली टेकलेली म्हातारी, फुटपाथवर झोपलेलं कुटुंब, यांचे फोटो आपण खूप पाहतो, ‘काय भाव टिपलाय’ म्हणतो. त्या भावाच्या मालकाला विचारलं होतं का? अंतर कापणं वेगळं आणि अंतर ओढून घेणं वेगळं. पहिल्यात नातं तयार होतं, दुसऱ्यात फक्त चित्र.

मग झूम वाईट का? नाही. याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ताडोबात गाडीतून खाली उतरता येत नाही, आणि येऊही नये. तिथे पाय वापरणं हाच अपराध, झूम हेच सौजन्य. पक्ष्याच्या घरट्याजवळ न जाणं हेही सौजन्यच. आणि ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, ज्यांना गर्दीत पुढे जाता येत नाही, त्यांनी काय करायचं? शिवाय गाडी धुळीच्या रस्त्यावर, समोर क्षण जाणार, आणि लेन्स बदलायला कॅमेरा उघडला तर धूळ थेट सेन्सरवर. तेव्हा ‘एक काम, एक साधन’ हा उपदेश ऐकायला बरा, पाळायला नाही.

इथे ॲरिस्टॉटलकडे परत जाऊ, कारण त्यांची पूर्ण बाजू अजून सांगितलेली नाही. त्याच ‘पॉलिटिक्स’मध्ये पुढे, चौथ्या भागात, दुसरं एक अवजार येतं: मांस भाजायची सळई आणि दिव्याचं खांब, दोन्ही एकातच. आणि इथे ते नावं ठेवत नाहीत! मोठ्या नगरात एका पदाला एक माणूस नेमावा, म्हणजे काम चांगलं होतं. पण लहान नगरात माणसंच थोडी, तिथे एकाला अनेक पदं सांभाळावीच लागतात, त्या सळई-दिव्यासारखी. आणि प्राण्यांच्या अवयवांवरच्या ग्रंथात ते माणसाच्या हाताची स्तुती करतात ती कशासाठी? हात नखर होतो, खूर होतो, शिंग होतो, भाला होतो, तलवार होतो. एकाच कामाला बांधलेला नाही म्हणूनच तो श्रेष्ठ.

म्हणजे ॲरिस्टॉटलचा निवाडा ‘एक काम’ किंवा ‘सगळी कामं’ असा नाहीच. तो विचारतो, तुमचं नगर केवढं आहे? ज्याच्याकडे सहायक आहे, तीन पिशव्या आहेत, परत येऊन फोटो काढायची सोय आहे, त्याचं नगर मोठं. त्याने वेगवेगळ्या लेन्स घ्याव्यात. ज्याच्याकडे एक खांदा, एक सुट्टी आणि एकदाच येणारा प्रसंग आहे, त्याचं नगर छोटं. लेकीच्या पाठवणीला मंडपात उभी असलेली मावशी लेन्स बदलत बसणार नाही. तिच्यासाठी सळई आणि दिवा एकत्र असणं यात कमीपणा काही नाही.

ज्यांच्याकडे ही लेन्स आहे त्यांना एकच सांगणं. आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा, मग नळी फिरवा. उलटं करू नका. एखाद दिवस नळी ३५ किंवा ५० वर ठेवून द्या आणि तिला हात न लावता दिवसभर चाला. आपण किती वेळा आळसाने झूम करतो ते कळेल. आणि समोर माणूस असेल, तिथे जाणं शक्य असेल, तर दोन पावलं पुढे जा, नजर भेटू द्या, मग कॅमेरा उचला. पाऊल टाकणं अशक्य असेल तेव्हा झूम आहेच. त्यासाठीच तर तोफखान्यापासून १७०० नलिकांपर्यंत इतक्या लोकांनी खपून तो केला.

पुढच्या व्याख्यानात घड्याळ घेणार आहोत. साधनांनी आपलं अंतर बदललं ते आज पाहिलं, वेळ कसा बदलला ते तेव्हा. आता प्रश्न असतील तर विचारा.